वन्संचा हात

दुकानातली माणसं तिला स्टार्टर म्हणायची, आणि पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणायची. ट्यूबलाइटला जसा तो बोटभर डबा लागतो, तशी त्या दुकानाला सकाळी ही बाई लागायची. ती खुर्चीत बसल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू होत नसे, कॉम्प्युटरशिवाय कटिंग मशीन हलत नसे, आणि मशीन हललं नाही तर तिच्या मोठ्या भावाचं पाट्या बनवायचं दुकान म्हणजे रिकाम्या माणसांनी एकमेकांची तोंडं बघत बसायची जागा होती. वर घरात तिची वहिनी तिला वन्सं म्हणायची. या दोन हाकांपलीकडे या बाईला तिसरं नाव असेल असं कुणाच्या डोक्यात येत नसे.

दुकान तळमजल्यावर आणि घर त्याच्या डोक्यावर, मधे लोखंडी जिना. दुकानात चिकट प्लास्टिकचे रंगीत रोल भिंतीला टेकून उभे, मधोमध दाराएवढं रुंद मशीन, आणि त्याच्या शेजारी पिवळट पडलेला कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायची, मशीनची बारीक पाती ती प्लास्टिकवर कापायची, आणि लांब्या ती सोलून पाटीवर चिकटवायचा. लांब्या म्हणजे मशीनवरचा कारागीर. छताच्या पंख्याला डोकं लागेल असा उंच, म्हणून लांब्या. दवाखाना, वकील, गाडी लावू नये, कुत्र्यापासून सावध राहा, असं आसपासच्या गल्ल्यांत जे जे वाचायला मिळे त्यातलं निम्मं या मशीननं कापलेलं. ते बनवणारी कंपनी कधीच गुंडाळली गेली होती, आणि मशीन बोलायचं ते फक्त या एकाच कॉम्प्युटरशी. दादानं एकदा नवाकोरा कॉम्प्युटर आणून जोडून पाहिला. मशीननं त्याला ओळखसुद्धा दाखवली नाही.

आणि हा जुना कॉम्प्युटर रोज सकाळी मरायचा. बटण दाबलं की गुरगुरायचा, एक चिन्ह दाखवायचा, आणि मग अख्खा पडदा निळा करून, त्यावर पांढऱ्या अक्षरांत शिव्या दिल्यासारखं काहीतरी लिहून थिजायचा. पुन्हा दाबा, पुन्हा निळा. मग वर बोलावणं जायचं.

ती लगेच उतरायची नाही. बोलावणं आलेलं ऐकू आलं तरी केस विंचरत बसायची. उतरली की खुर्चीवर बसलेल्याला उठवायची, खुर्ची फडक्यानं पुसायची आणि म्हणायची, "चहा?" चहा वहिनीनं आणायचा, कपबशीतून आणायचा, आणि तो निम्मा संपेपर्यंत बाईचा हात बटणाकडे जात नसे. लांब्या ताटकळत उभा, दादा दारात येरझाऱ्या घालतोय, बाहेर गिऱ्हाईक घड्याळ बघतंय, आणि ही फुंकर मारून चहा पितेय. अडला हरी म्हणजे काय हे त्या दुकानात रोज सकाळी पाहायला मिळायचं. ती गरीब गाय होती असं कुणी समजू नये. लांब्यानं एकदा घाईनं "ताई, जरा लवकर" म्हटलं, तर तिनं दुसरा कप मागवला होता.

मग ती कॉम्प्युटर बंद करून चालू करायची, आणि चिन्ह दिसायच्या आत वरच्या रांगेतलं एफ-आठ हे बटण टकटक दाबत राहायची. पडदा काळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत सुरू होण्याच्या वेगवेगळ्या रीतींची यादी यायची. त्यातला सेफ मोड ती निवडायची. सेफ मोड म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा, आज तू जीव धरण्यापुरता ऊठ, बाकी कुणाला उठवू नकोस. मग तो उठायचा. चित्रं फाटल्यासारखी मोठी, रंग भडक, चारही कोपऱ्यांत सेफ मोड असे शब्द. त्यात कुठेतरी आत जाऊन ती एक छोटीशी गोष्ट बदलायची. पुन्हा बंद, पुन्हा चालू, आणि या खेपेला तो निमूट सुरू व्हायचा.

त्या काळ्या यादीची बाकीच्यांना दहशत होती. पुतण्यानं, म्हणजे दादाच्या मुलानं, एकदा शहाणपणा करून यादीतलं भलतंच काहीतरी निवडलं, तर दिवसभराचं काम पुसलं गेलं आणि दादानं त्याच्या कानाखाली आवाज काढला होता. एक बाहेरचा कॉम्प्युटरवालाही येऊन गेला. तो आला दुपारी. तेव्हा कॉम्प्युटर ठणठणीत चालू. तो म्हणाला, सगळं पुसून नव्यानं भरतो. सगळं पुसलं असतं तर मशीनचं सॉफ्टवेअरही गेलं असतं, आणि त्याची सीडी कुणाकडे उरली नव्हती. तेव्हापासून कॉम्प्युटरला हात लावायचा तो स्टार्टरनंच, असं ठरून गेलं.

आता खरं सांगायचं तर त्या कॉम्प्युटरला झालेलं दुखणं मुळीच मोठं नव्हतं. मशीन जोडलेलं आहे हे कॉम्प्युटरला सांगणारा एक ड्रायव्हर असतो, म्हणजे एक लहानसा प्रोग्रॅम. तो कॉम्प्युटरच्या बरोबरीनं जागा झाला की दोघांची टक्कर व्हायची आणि पडदा निळा. त्याला 'आपोआप' ऐवजी 'सांगितल्यावर' सुरू हो, एवढं सेफ मोडमध्ये जाऊन सांगितलं की काम फत्ते. पुढे कापायचं सॉफ्टवेअर उघडलं की तो आपला आपण उठायचा. हे एकदाच सांगायचं असतं. एकदा सांगितलं की जन्मभराची कटकट मिटली. ज्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यानं तिला हे शिकवलं, त्यानं दुकान बंद करून जाताना तेही सांगितलं होतं, की आता पुन्हा 'आपोआप'वर नेऊ नका म्हणजे झालं.

ती रोज संध्याकाळी तो पुन्हा 'आपोआप'वर नेत असे. दुकान बंद करताना सगळ्यांत शेवटी कॉम्प्युटर तिनं बंद करायचा, हा शिरस्ता तिनंच पाडला होता. तेवढ्यात ती उद्या सकाळचं मरण त्याच्या पोटात घालून ठेवायची आणि दिवे मालवून जिना चढायची. सकाळी मारलेल्याला जिवंत करायची. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि कुणाला त्याचा वासही आला नव्हता.

याला कारण होतं. लग्न होऊन ती सासरी गेली आणि महिन्याभरात सासरा गेला, पाठोपाठ नवऱ्याची नोकरी गेली. सासू म्हणाली, पांढऱ्या पायाची आहे. नवऱ्यालाही ते सोयीचं पडलं. ती एक बॅग आणि कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट घेऊन माहेरी परत आली. वडील होते तोवर ठीक होतं. त्यांनीच तिला दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसवलं. वडील गेल्यावर वहिनीनं एकदा जेवताना विचारलं, सगळ्यांसमोर, की वन्सं, त्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यानं कॉम्प्युटर दुरुस्त केलाय ना आता, मग तुम्ही खाली दिवसभर करता काय? दादानं ताटातून मान वर केली नाही. त्या संध्याकाळी तिचा हात पहिल्यांदा 'आपोआप'वर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी निळा पडदा दिसल्यावर वहिनीच धावत वर आली होती तिला बोलवायला. त्या धावण्याची तिला चटक लागली म्हणा, की त्या धावण्यावर तिचं पोट होतं म्हणा.

बरं, पोट म्हणजे खरोखरच पोट. पुतण्याचं लग्न ठरलं होतं आणि घरात खोल्या मोजक्या. तिची खोली जिन्यालगतची, लहान, पण दार लावता येईल अशी. वहिनीची एक मावशी दूरच्या गावी अंथरुणाला खिळून होती. मुलं परदेशात, म्हातारीच्या जिभेला हाड नाही, ठेवलेल्या बाया टिकत नव्हत्या. "वन्संना तिकडे बरं वाटेल, माणसात राहतील," असं वहिनी अधूनमधून बोलून दाखवायची, जणू इथे त्या जनावरात राहत होत्या. दादा म्हणायचा, "आणि मशीन कोण चालू करणार?" एवढ्या एका वाक्यावर ती खोली टिकून होती. त्या वाक्यात बहीण हा शब्द नव्हता हे तिला कळायचं. पण ज्या दोरीवर लटकायचं तिच्या पिळाची चौकशी करून चालत नाही.

मग तिला ताप आला. दुपारीच आला, हुडहुडी भरली, बोटं बटणं दाबेनात. दादानं पाहिलं आणि आयुष्यात फार वेळा न केलेलं काम केलं. तिच्यावर दया केली. म्हणाला, जा वर, पड जा, संध्याकाळी बंद मी करीन. तिनं म्हटलं, बसते मी. त्यानं हाताला धरून उठवलं. लांब्या म्हणाला, जा ताई, बंद करायला काय अक्कल लागते?

रात्रभर ती तापात फणफणत होती. सकाळी उजाडलं तशी जाग आली आणि पहिला विचार आला तो गोड होता. आता कळेल एकेकाला. खाली निळा पडदा येईल, दादा घामाघूम होईल, वहिनी दारात येऊन म्हणेल, वन्सं, उठवतंय का हो? आणि आपण म्हणायचं, नाही हो, उठवत नाही. दुपारपर्यंत उठायचं नाही. मग लांब्यानं आणि पुतण्यानं धरून खाली न्यायचं, खुर्चीत उशी लावून बसवायचं. ती उशी कुठली हेसुद्धा तिनं ठरवलं होतं.

खालून मशीनचा आवाज आला. पाती प्लास्टिकवरून सरकते तेव्हा किरकिर होते आणि वळणावर टक्क वाजतं. किरकिर, टक्क, किरकिर, टक्क. ती उशीवरून मान उचलून ऐकत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की काल संध्याकाळी दादानं नुसता कॉम्प्युटर बंद केला; तिचं रोजचं विष त्यात घालायचं राहून गेलं.

दुपारी दादा जेवायला वर आला तो खुशीत होता. तिच्या दारात उभा राहून म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला गं. आपोआप सुरू झाला. तू झोप." तिनं डोळे मिटून घेतले. त्या दिवशी चहा आला नाही. दुसऱ्या दिवशीही मशीन सकाळीच किरकिरायला लागलं, तिसऱ्या दिवशीही, आणि वहिनी मोजायची टेप घेऊन तिच्या खोलीत आली. नव्या जोडप्याचं कपाट कुठल्या भिंतीला लागेल ते बघायचं होतं. "पडून राहा वन्सं, उठू नका. फक्त पाय जरा आत घ्या," असं म्हणून तिनं टेप पलंगाखालून सरकवली. आजारी माणसाला त्रास होऊ नये म्हणून ती मापं हळू आवाजात पुटपुटत होती.

ते माप ऐकलं आणि ती अंगात ताप असताना संध्याकाळी खाली उतरली. दादाला म्हणाली, जरा बघते, इतके दिवस हात लागला नाही. दादा म्हणाला, बघ. त्यात त्याला वावगं काही दिसलं नाही. तिनं खुर्ची पुसली, बसली, नेहमीच्या ठिकाणी आत गेली आणि ड्रायव्हर पुन्हा 'आपोआप'वर नेला. जिना चढताना तिला कठड्याला धरून दोनदा थांबावं लागलं, पण मन निवांत होतं.

सकाळी निळा पडदा. बोलावणं आलं. तिनं केस विंचरले. ती खाली गेली, चहा मागितला, आणि वहिनीनं आणलाही. काळी यादी, सेफ मोड, चारही कोपऱ्यांत शब्द, 'सांगितल्यावर', बंद, चालू. कॉम्प्युटर सुरू झाला आणि तिनं कप बशीत ठेवला. जिंकल्यावर माणसानं तिथून उठावं. ही बसून राहिली. म्हणाली, "मी नसले की काय होतं बघितलंत ना?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लांब्या रोल लावत होता. त्याच्या मनात काही नव्हतं. डोक्यात जे येईल ते तोंडातून सोडणारा माणूस. तो म्हणाला, "पण ताई, तुम्ही नव्हता तेव्हा तर बरं चाललं होतं. काल तुम्ही हात लावला आणि आज बंद पडलं."

वहिनीनं कपबशी उचलली, तिच्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे बघितलं, आणि जिना चढून गेली. ती कॉम्प्युटरबद्दल काही जाणत नव्हती, पण हिशेब जुळवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. हिला ताप आला, मशीन बरं. ही उठली, मशीन आजारी. सासरी गेली, सासरा मेला. नवऱ्याची नोकरी गेली. इथे आली, काही वर्षांत वडील गेले. म्हातारा पंचाहत्तरीचा होता आणि त्याच्या छातीचं दुखणं हिच्या जन्माआधीचं होतं, ही गोष्ट त्या हिशेबात घ्यायची वहिनीला गरज वाटली नाही.

दुपारच्या जेवणाला तिनं ते दादाच्या कानावर घातलं आणि संध्याकाळी दादानं बहिणीला सांगितलं की थोडे दिवस कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. बघू तर खरं, म्हणाला. बंद मीच करीन, चालूही मीच करीन. तिनं काही कारण सांगायचा प्रयत्न केला, की वायर सैल असेल, वीज कमीजास्त होत असेल. दादा म्हणाला, असेल. पण हात लावू नकोस.

आता गंमत बघा. त्या शेवटच्या सकाळी तिनंच तो ड्रायव्हर 'सांगितल्यावर'वर आणून ठेवला होता. ती खरी, पुरती, जन्मभराची दुरुस्ती होती. त्यावर कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी सुरू झाला, पुढच्या दिवशी झाला, आठवडाभर झाला. रोज सकाळी दादा बटण दाबायचा, चिन्ह यायचं, आणि पडदा उघडायचा. रोज सकाळी सगळे मिळून तिच्या विरुद्ध आणखी एक साक्ष ऐकायचे. आणि हिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार, काय बोलणार? मी हात लावल्यावर बिघडतो हे खोटं आहे म्हणावं, तर ते अक्षरशः खरं होतं.

लांब्या आता तिला पाहून रोल हातानं झाकायला लागला. हसत झाकायचा, पण झाकायचा. पुतण्याच्या होणाऱ्या बायकोच्या घरची माणसं घर बघायला आली, तेव्हा तिला खोलीतच बसा म्हणून सांगण्यात आलं. वहिनीनं दाराबाहेर कुणाला तरी दबक्या आवाजात सांगितलेलं तिला आत ऐकू आलं. पांढऱ्या पायाची. हा शब्द ती सासरच्या गावी सोडून आली होती. तो जिना चढून वर आला होता.

वहिनीच्या मावशीकडे जायचा दिवस ठरला, तेव्हा ती सकाळीच खाली उतरली. न बोलावता. दादा, वहिनी, पुतण्या, लांब्या, सगळे होते; मशीन चालू होतं. तिनं रात्रभर विचार केला होता. चोर ठरले तरी चालेल. घरातून काढतील, काढू देत, नाहीतरी काढतच आहेत. पण जाताना डोक्यावर तो शब्द घेऊन जायचा नाही. लबाड म्हणा, हरामखोर म्हणा. लबाडीला निदान डोकं लागतं.

"मशीन माझ्या पायगुणानं बंद पडत नव्हतं," ती म्हणाली. "मी पाडत होते. रोज संध्याकाळी मी आत जाऊन एक गोष्ट बदलायचे, म्हणून सकाळी ते बंद पडायचं. मग मीच नीट करायचे. इतकी वर्षं."

मशीन कापत राहिलं. मग वहिनी हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग तिला खुर्चीला धरावं लागलं.

"ऐकलंत का," ती दादाला म्हणाली. "आमच्या वन्संनी म्हणे तुम्हाला इतकी वर्षं फसवलं. अहो वन्सं, एवढं डोकं असतं तर नवऱ्याच्या घरी टिकल्या नसतात का?"

लांब्या हसला. पुतण्या हसला. हसायचं ठरवून कुणी हसलं नाही, ते आपोआप आलं, आणि म्हणूनच ते खरं होतं. इतकी वर्षं ज्या बाईच्या एका बोटावर हे दुकान उभं होतं, तिनं ते मुद्दाम केलं असेल, हे त्यांच्यातल्या एकाच्याही मनाला शिवलं नाही. अपशकुन पटला, अक्कल पटली नाही.

"दादा, बाजूला हो," ती म्हणाली. "आत्ता दाखवते. आत्ता बिघडवते आणि आत्ता नीट करते. तुम्ही उभे राहून बघा."

ती पुढे झाली आणि चौघेही एकदम पुढे झाले. लांब्यानं कॉम्प्युटरसमोर हात आडवा धरला. पुतण्या म्हणाला, "आत्या, नको ना." दादानं की-बोर्डवर आपला तळवा उपडा ठेवला, आणि पडद्यावर एकाच अक्षराची लांबलचक रांग उमटत गेली. ती त्या तळव्याकडे बघत राहिली. तिला खात्री होती की ओढून काढला तर निघेल. मग तिनं हात खाली घेतला.

बॅग आणायला ती वर निघाली, तसा दादा मागोमाग आला. जिन्याच्या मधल्या पायरीवर त्यानं तिला थांबवलं. खाली मशीनची किरकिर चालू होती, त्यामुळे आवाज खाली जाणार नव्हता. तो हसला नव्हता हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"'आपोआप'वर करायचीस ना," तो म्हणाला. "मी बघितलं. रोज सकाळी तू कुठे काय बदलतेस ते मागून दिसायचं; तू तापात होतीस तेव्हा आत जाऊन बघितलं. 'सांगितल्यावर' होतं. नंतर तू खाली आलीस आणि जाताना बदललंस, तेही मला कळलं."

सुटका झाल्यासारखं वाटलं तिला, मूर्ख बाई. तिला वाटलं तो आता हाक मारून सगळ्यांना सांगेल.

"मग सांग ना त्यांना."

"काय सांगू? सख्ख्या बहिणीनं स्वतः चहा पीत मला इतकी वर्षं रोज सकाळी दारात उभं केलं, आणि मला कळलं नाही? बाजारात तोंड दाखवता येईल का मला?" तो आवाज न चढवता बोलत होता, गिऱ्हाइकाला पाटीचं माप समजावून द्यावं तसा. "पायगुण वाईट म्हटलं की लोकांना लगेच कळतं. कुणी पुढे विचारत नाही."

"म्हणजे तू मूर्ख ठरण्यापेक्षा मी पांढऱ्या पायाची बरी."

"हो," दादा म्हणाला.

तिला वाटलं तो आणखी काही बोलेल. निदान नजर तरी चुकवेल. त्यानं नजर चुकवली नाही. बस कितीची आहे ते सांगितलं, बॅग लांब्या सोडायला येईल म्हणाला, आणि दुकानातून जाऊ नकोस, मागच्या दारानं जा, एवढं सांगून खाली उतरला.

ती मागच्या दारानं गेली. लांब्यानं बॅग बसमध्ये वर ठेवली आणि तिच्या हाताला हात लागणार नाही अशा बेतानं तिकीट दिलं. मावशीला फोनवर आधीच सगळं कळवून ठेवलेलं होतं. ही घरात शिरताच म्हातारीनं अंथरुणातूनच तिला पहिली गोष्ट सांगितली, की रेडिओला, घड्याळाला आणि देवाला हात लावायचा नाही. बाकी मला धुवायचं, पुसायचं, उचलायचं ते कर.

दुकानातला कॉम्प्युटर अजून त्याच दुरुस्तीवर चालतो आहे. दादा सकाळी बटण दाबतो, तो सुरू होतो. नवी सून जिन्यालगतच्या खोलीत राहते आणि कुणी विचारलं की हसून सांगते, आमच्याकडे एक आत्या होत्या, त्या गेल्या आणि मशीन कधी बंदच पडलं नाही.